पाडव्याची लक्काव्वा आणि श्रीसूक्तातली करीषिणी

निपाणीकडे माहेर असलेल्या आणि लग्न होऊन बेळगावजवळच्या एका गावी आलेल्या ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या माहेरी कोल्हापूरची अंबाबाई कुलस्वामिनी असून देवघरात तिचा टाक आहे. सासरच्या गावात लक्ष्मीचे देऊळ आहे, पण त्या लक्ष्मीच्या यात्रेत घरोघरी मटण शिजते. दिवाळीत कमळात बसलेल्या, हातातून नाणी सांडणाऱ्या लक्ष्मीच्या तसबिरीची पूजा होते. आणि लगेच पाडव्याला सासूबाई शेणाची मूर्ती करून तिलाही ‘लक्काव्वा’, म्हणजे लक्ष्मीच, म्हणतात. यांतली खरी लक्ष्मी कोणती, उभ्या लक्ष्मीची तसबीर घरात ठेवू नये म्हणतात ते खरे का, आणि आता शहरात फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर शेणाची लक्ष्मी करायलाच हवी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी मूळचा खानापूर तालुक्यातला. गेली 38 वर्षे बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी या भागांत याज्ञिकी करतो. एका घरी पूजेचा अर्थ मराठीत सांगायचा आणि शेजारच्या घरी कन्नडमध्ये, असा माझा दिवस जातो, आणि लक्ष्मीविषयीचे प्रश्न दोन्ही भाषांत मला जवळजवळ सारखेच विचारले जातात. त्या प्रश्नांच्या मुळाशी बहुधा एक समजूत असते: लक्ष्मी म्हणजे पैशाची देवी, म्हणून जिच्या हातातून नाणी पडतात ती खरी, आणि बाकीच्या तिच्या नावावर पुजल्या जाणाऱ्या दुसऱ्या कोणी. माझे मत याच्या उलट आहे. नाणी सांडणारी लक्ष्मी या सगळ्यांत वयाने धाकटी आहे, आणि सासूबाईंच्या हातची शेणाची लक्काव्वा श्रीसूक्ताला, म्हणजे लक्ष्मीच्या वैदिक स्तुतीला, सर्वांत जवळची आहे.

आधी शब्द पाहू. ‘लक्ष्मी’ हा शब्द ‘लक्ष्म’ म्हणजे खूण, चिन्ह या शब्दाच्या कुळातला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘भद्रैषां लक्ष्मीर्निहिताधि वाचि’ असे वचन आहे. तिथे जाणत्या माणसांच्या वाणीवर असलेली शुभ खूण एवढाच त्याचा अर्थ आहे. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात तर माणसाच्या देहाबरोबर 101 लक्ष्म्या जन्माला येतात असे सांगितले आहे, आणि त्यांतल्या काही ‘पुण्या’ आहेत, तर काही ‘पापी’. पडीक रानात पांगलेल्या गाई ओळखून वेगळ्या कराव्यात तशा मी या लक्ष्म्या वेगळ्या केल्या आहेत, चांगल्या असतील त्या इथे सुखाने राहोत आणि वाईट मी घालवून दिल्या आहेत, असे त्या सूक्ताचा कर्ता म्हणतो. म्हणजे लक्ष्मीची अनेक रूपे ही पुढे कधी तरी पडलेली भर नाही. ती अनेक आहे, आणि तिच्यातून निवड करावी लागते, ही जाणीव अगदी आरंभापासून आहे.

‘श्री’ हा शब्द मुळात वेगळा. शतपथ ब्राह्मणात अशी कथा येते की, प्रजापती तप करून थकला तेव्हा त्याच्यातून श्री बाहेर पडली. तिचे झळाळते रूप पाहून देवांना लोभ सुटला आणि त्यांनी तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली: अग्नीने अन्न, सोमाने राज्य, वरुणाने साम्राज्य, इंद्राने बळ, सरस्वतीने पुष्टी, त्वष्ट्याने रूप, अशा दहा गोष्टी. पुढे तिने त्या देवांना आहुती देऊन हे सगळे परत मिळवले. त्या यादीत पहिले नाव अन्नाचे आहे, हे ध्यानात ठेवावे. शुक्ल यजुर्वेदात ‘श्रीश्च ते लक्ष्मीश्च पत्न्यौ’ असा मंत्र आहे, म्हणजे तिथेही श्री आणि लक्ष्मी या दोघी जणी आहेत. त्या एक झाल्या त्या नंतर, आणि समुद्रमंथनातून कमळ घेऊन वर येणारी, विष्णूच्या गळ्यात माळ घालणारी जी लक्ष्मी आपण ओळखतो ती पुराणांतली आहे.

या सगळ्याचा सांधा ज्या सूक्तात आहे ते श्रीसूक्त. ते ऋग्वेदाच्या परिशिष्टात, खिलसूक्तांत येते आणि त्याच्या मुख्य ऋचा 15 आहेत. बहुतेक यजमानांच्या कानांवर पहिल्या ऋचेतले सोने तेवढे राहते: ‘हिरण्यवर्णां हरिणीं सुवर्णरजतस्रजाम्’, सोन्याच्या रंगाची, सोन्यारुप्याच्या माळा घातलेली. पण पुढे जावे तसतसे हे सूक्त ओले होत जाते. ‘आर्द्रां’ हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतो. तिच्या मुलांची नावे कर्दम आणि चिक्लीत अशी आहेत. कर्दम म्हणजे सरळ चिखल, आणि चिक्लीत म्हणजे ओलावा. ‘कर्दमेन प्रजा भूता मयि सम्भव कर्दम’ असे म्हणून आपण चिखलाला घरी बोलावतो आणि त्याला विनवतो की, बाबा, तुझ्या आईला, त्या कमळांची माळ घातलेल्या श्रीला, माझ्या कुळात वस्तीला ठेव. आणि नवव्या ऋचेत ती आणखी खाली, गोठ्यापर्यंत येते: ‘गन्धद्वारां दुराधर्षां नित्यपुष्टां करीषिणीम्’. करीष म्हणजे शेण, शेणखत. करीषिणी म्हणजे जिच्याजवळ शेणाची समृद्धी आहे ती. देवीच्या षोडशोपचार पूजेत चंदन उगाळून गंध लावताना आम्ही नेमकी हीच ऋचा म्हणतो. ‘गन्ध’ हा शब्द आल्यामुळे ती त्या उपचाराला जोडली गेली, आणि पुढचा शेणाचा शब्द चंदनाच्या वासात हरवून जातो. हे मी स्वतः कित्येक वर्षे अर्थाकडे न पाहता म्हणत आलो, याचे मला आज वाईट वाटते.

आमच्या खानापूर भागात भाताची लावणी ज्याने केली आहे त्याला हे सूक्त पंडिताहून लवकर कळेल. आधी शेणखत पडते, मग पाऊस, मग चिखलणी. गुडघाभर चिखलात वाकून लावलेले रोप दिवाळीच्या सुमारास पिवळे होते, आणि उन्हात ते शिवार पाहिले की ‘हिरण्यवर्णां’ या शब्दासाठी सराफाच्या दुकानाची आठवण काढावी लागत नाही. मराठीत भरल्या घराचे वर्णन करताना आपण ‘त्यांच्या घरी लक्ष्मी पाणी भरते’ असे म्हणतो. ती पैसे मोजते असे म्हणत नाही. भाषेने ती ओल सांभाळून ठेवली आहे.

कमळ आणि हत्ती ही तिची दोन चिन्हे याच ओलीतून आलेली आहेत. कमळ चिखलात उगवते आणि त्याला चिखल चिकटत नाही, हा अर्थ सगळे सांगतात. पण कमळ जिथे आहे तिथे बारमाही पाणी आहे, ही साधी गोष्ट त्याआधी आहे. दोन बाजूंना दोन हत्ती सोंडेतल्या घटांनी तिच्यावर पाणी ओतत आहेत, असे गजलक्ष्मीचे रूप भारहूत आणि सांची येथील स्तूपांवर कोरलेले आहे, म्हणजे ते दोन हजार वर्षांहून जुने आहे आणि बौद्धांनाही आपले वाटलेले आहे. हत्ती म्हणजे पाण्याने भरलेले काळे ढग, आणि हत्तींकडून होणारा अभिषेक म्हणजे राज्याभिषेक. एका चित्रात पाऊस आणि राज्य ही दोन्ही येतात, कारण पाऊस पडला तरच राज्य टिकते. चालुक्यांपासून आपल्या भागातल्या जुन्या मंदिरांत गाभाऱ्याच्या चौकटीच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, ही गजलक्ष्मी पुष्कळदा कोरलेली असते. आत देव कोणताही असो, उंबरठा ओलांडताना आपण आधी तिच्याखालून जातो. घुबड मात्र या चौकटींवर मी कुठे पाहिलेले नाही. ते वाहन पूर्वेकडे, बंगालात, विशेष मानले जाते आणि छापील चित्रांतून आपल्याकडे आले.

कधी सवड मिळाली तर कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायणाचे देऊळ अवश्य पाहावे. गोव्याच्या कदंब राजघराण्यातला शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने ते 12व्या शतकात उभारले. कमला हे राणीचेही नाव आणि लक्ष्मीचेही, त्यामुळे देवाच्या नावात दोघीही आल्या आहेत. आमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला वराहाने उचलून धरलेली भूदेवी दिसते. तीही विष्णुपत्नीच, आणि ती तर साक्षात माती आहे. बेळगावच्या किल्ल्यात 1204 साली रट्ट राजांच्या काळात बांधलेली जैन बसदी आहे; तिच्या छतावरच्या दगडी कमळामुळे तिला सगळे कमल बसदीच म्हणतात. देव वेगळा, पंथ वेगळा, आणि कमळ तेच.

आता तुमच्या माहेरची अंबाबाई. तिच्या चार हातांकडे कधी सावकाश पाहिले आहे का? खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी ही चिन्हे, मागे सिंह. हातांत कमळ नाही आणि नाणे तर नाहीच. हे वर्णन दुर्गासप्तशती या देवीमाहात्म्याच्या पोथीच्या शेवटी जोडलेल्या प्राधानिक रहस्य या प्रकरणात जसेच्या तसे आहे: ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’. ही महालक्ष्मी कोणाची पत्नी म्हणून तिथे येत नाही. ती त्रिगुणमयी आद्या आहे. महाकाली आणि महासरस्वती तिच्यातून प्रकट होतात आणि देवदेवतांच्या जोड्या त्यानंतर जन्मतात. मग ती विष्णूची की शिवाची, हा वाद आपल्याकडे अधूनमधून मोठ्या त्वेषाने होतो. तिरुपतीहून नवरात्रात तिच्यासाठी शालू येतो, कारण भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारल्यावर लक्ष्मी रुसून करवीरला आली अशी कथा आहे; आणि सिंह, लिंग ही खूण दुसरीकडे बोट दाखवते. माझ्या मते म्हाळुंगाकडे पाहणाऱ्याला हा वाद घालावासा वाटणार नाही. म्हाळुंग म्हणजे जाड सालीचे, आत बियांनी भरलेले मोठे लिंबू. पुढच्या सगळ्या झाडांची बीजे तिने मुठीत धरली आहेत, आणि ती राखायला गदा आणि ढाल आहे.

इथूनच सासरच्या गावच्या लक्ष्मीकडे जाता येते. आमच्या सीमाभागातल्या पुष्कळ गावांत ग्रामदेवतेचे नाव लक्ष्मी किंवा महालक्ष्मी असते, आणि शेजारच्या कन्नड गावांत तिच्याच जातीची देवी द्यामव्वा म्हणून ओळखली जाते. तिची मूर्ती लाकडाची, लाल-पिवळ्या रंगांनी रंगवलेली, मोठ्या डोळ्यांची आणि हातांत शस्त्रे असलेली. तिची मोठी यात्रा दरवर्षी नसते. कुठे 5 वर्षांनी, कुठे 9, कुठे 12 आणि कुठे त्याहूनही जास्त वर्षांनी येते. यात्रा ठरली की मूर्तीला नवा रंग चढतो, भल्या पहाटे देवीचे लग्न लागते, सगळा गाव अक्षता टाकतो, भंडारा उधळला जातो, रथ निघतो, आणि मग ती काही दिवस त्या आसनमांडवात बसते ज्याला आमच्याकडे गदगा म्हणतात. दहावीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या लेकी मुलाबाळांसह ओटी भरायला येतात. शेवटच्या दिवशी देवी शिवेवर जाते आणि गावाचा निरोप घेते. त्या वेळी म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून रडतात. मुलीला सासरी धाडतानाचे जे रडणे असते तेच ते. मी एकदा त्या गर्दीत उभा होतो. माझ्यापुढे एक आजी रथाच्या दोराला नुसता हात लावून उभी होती, ओढण्याचे बळ अंगात नव्हते, आणि ती पुटपुटत होती, ‘आता पुढच्या खेपेला मी असतो की नाही कुणास ठाऊक.’

ही लक्ष्मी वैकुंठातून आलेली नाही, हे खरे आहे. ती गावच्या शिवारातली आहे आणि तिचे काम शीव राखण्याचे आहे: रोगराई, गुरांचे आजार, अवर्षण शिवेबाहेर ठेवणे. पण म्हणून ‘ही लक्ष्मी शास्त्रातली नव्हे’ असे कोणी म्हटले तर ते मला मान्य नाही. सप्तशतीच्या ज्या मधल्या भागात महिषासुराचा वध होतो त्याची देवताच महालक्ष्मी आहे. तिच्या ध्यानश्लोकात अठरा हातांतली शस्त्रे मोजून झाल्यावर ‘सैरिभमर्दिनीमिह महालक्ष्मीं सरोजस्थिताम्’ असे येते, म्हणजे रेड्याला मारणारी आणि कमळावर असलेली. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत. नैवेद्याविषयी मी एवढेच सांगेन की, ज्या घराचे जे अन्न तेच ते देवीपुढे ठेवणार. देवळाच्या आवारात पशुबळी देण्यास कर्नाटकात 1959 च्या कायद्याने बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. घरी काय शिजवावे हा त्या त्या घराचा प्रश्न आहे. त्यावरून सासर-माहेरात उच्चनीच ठरवू नये. मला दुःख होते ते वेगळ्या गोष्टीचे. शेजाऱ्याने इतकी पाने उठवली म्हणून आपणही उठवायची, आणि त्यासाठी शेत गहाण टाकून कर्ज काढायचे, असे मी यात्रेच्या गावांत पाहिले आहे. शिवार राखणाऱ्या देवीच्या नावाने शिवार गहाण पडावे, हे तिला आवडत असेल असे मला वाटत नाही.

वर्षभरातल्या तिच्या बाकीच्या भेटी तुम्हाला ठाऊकच आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. भाद्रपदात ज्येष्ठागौरी येतात, अनुराधा नक्षत्रावर येऊन मूळ नक्षत्रावर जातात, आणि कुठे मुखवट्यांच्या, कुठे तेरड्याच्या, कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या रूपात महालक्ष्मी म्हणून जेवतात. श्रावणात पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी शेजारच्या कन्नड घरांत कलशाला साडी नेसवून वरमहालक्ष्मी बसते. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या कहाणीत ती म्हाताऱ्या बाईच्या वेशात राणीच्या दारी येते आणि राणी तिला हाकलून देते. पुढे त्याच राणीची लेक माहेरून सोने न आणता मीठ आणते आणि ‘हे राज्याचे सार’ म्हणून नवऱ्याला आळणी जेवण वाढून पटवते. मला ही कहाणी फार आवडते. अष्टलक्ष्मीच्या तसबिरीत धान्य, धैर्य, संतान, विद्या, विजय अशी रूपे शेजारी शेजारी मांडलेली असतात. हा समूह दक्षिणेकडून आपल्याकडे अलीकडे रुळला, आणि चेन्नईच्या बेसंतनगरातले त्याचे प्रसिद्ध मंदिरही 1976 सालचे आहे. तसबीर घेतली असेल तर खुशाल ठेवा. आठांपैकी धनलक्ष्मी एकच आहे, एवढे ती पाहताना ध्यानात यावे.

आश्विन पौर्णिमेवर मात्र थोडे थांबतो. त्या रात्री आपण कोजागरी करतो, लक्ष्मी ‘को जागर्ति’ म्हणजे ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते म्हणून आटीव दूध पिऊन जागतो. त्याच पौर्णिमेला आमच्या भागातले कन्नड शेतकरी शीगी हुण्णिमे करतात. उभे पीक कणसावर आलेले असते, म्हणजे जमीन गर्भार आहे, म्हणून तिचे डोहाळे पुरवायचे. घरची बाई नाना प्रकारचे पदार्थ करून बुट्टीत भरते, सगळे कुटुंब शेतात जाते, आणि पूजा झाल्यावर ते अन्न ‘चरग’ म्हणून शिवारभर शिंपडतात. गच्चीवर दूध आटवणारे आणि शेतात चरग शिंपडणारे एकाच चंद्राखाली एकाच देवीची वाट पाहत असतात, फक्त एकाने तिला आकाशातून येताना पाहिले आहे आणि दुसऱ्याने जमिनीतून.

लक्ष्मीची थोरली बहीणही तुमच्या प्रश्नात असायला हवी होती. श्रीसूक्ताच्या आठव्या ऋचेत ‘क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्’ असे येते. एका दुकानातल्या लक्ष्मीपूजनाला यजमानांनी मला विनंती केली होती की, त्या दिवशी अलक्ष्मीचे नाव नको, ती ऋचा तेवढी गाळा. मी गाळली नाही, पण पूजा थांबवून अर्थ सांगितला. भूक, तहान आणि मळ यांना तिथे अलक्ष्मी म्हटले आहे. ही ज्येष्ठा म्हणजेच मराठीतली अक्काबाई. घरावर दैन्य आले की ‘अक्काबाईचा फेरा आला’ असे आपण म्हणतो, आणि ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण हे तर दोन्ही भाषांना कळते. ज्या अर्थी ऋचेत भूक म्हटले आहे, त्या अर्थी उपाशी माणूस हा अलक्ष्मी नव्हे. त्याची भूक ही अलक्ष्मी, आणि ती घालवायची तर त्याला जेवू घातले पाहिजे. हे मी आवर्जून लिहितो, कारण नवी सून आल्यावर धंद्यात खोट आली म्हणून तिला ‘अवदसा’, ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणारी, आणि नवरा गेलेल्या बाईला लक्ष्मीपूजनाच्या खोलीत येऊ न देणारी घरे मी पाहिली आहेत. अशा एका घरी मी आसनावर बसून राहिलो आणि आतल्या खोलीतली वहिनी बाहेर येऊन बसेपर्यंत संकल्प सोडून पूजेला आरंभ केला नाही. श्रीसूक्तात कुठल्याही बाईला अलक्ष्मी म्हटलेले नाही.

दिवाळीच्या अमावास्येला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणतो, तेही इथे जुळते. केरसुणी हे जुन्या वर्णनांत ज्येष्ठेचे साधन आहे, कावळ्याचे निशाण आणि गाढवाचे वाहन यांच्याबरोबर ते येते. तीच शिंदीच्या पानांची केरसुणी घरच्या बाईच्या हातात आली की मळ बाहेर काढते, आणि थोरलीची वस्तू धाकटीचे रूप होते. ‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ ही म्हण याच हाताविषयी आहे.

आता उभ्या लक्ष्मीचे. बसलेली लक्ष्मी घरात टिकते आणि उभी असलेली निघून जाते, असे हल्ली पुष्कळ जण सांगतात. याला मला तरी कुठल्याही ग्रंथात आधार आढळलेला नाही. श्रीसूक्तात ‘पद्मे स्थितां पद्मवर्णां’ असे आहे, आणि ‘स्थिता’ या शब्दात उभी असणेही येते. तुमची अंबाबाई उभी आहे. भारहूतच्या शिल्पांतही ती उभी दिसते. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाल्यावर कमळावरच्या लक्ष्मीचे जे चित्र घरोघरी पोहोचले, ज्यात हत्तीने सोंडेत माळ धरली आहे, त्यातही ती उभीच आहे, आणि तीनचार पिढ्यांनी त्याची पूजा केली. लक्ष्मी चंचल आहे हे खरे. म्हणून तर सूक्तात ‘लक्ष्मीमनपगामिनीम्’, सोडून न जाणारी, अशी मागणी आहे. पण ती बसली की खिळली आणि उभी राहिली की निघाली, इतके ते सोपे नाही. तुमच्याकडे आजेसासूंच्या वेळची उभी तसबीर असेल तर ती काढू नका. काच फुटली असेल तर बदलून घ्या.

राहिली शेणाची लक्काव्वा. शेजारच्या कन्नड घरांत तिला हट्टीलक्काव्वा, म्हणजे गोठ्यातली लक्ष्मी, म्हणतात. आपल्या मराठी घरांत तिच्याबरोबर पाडव्याला शेणाचे पांडव आणि गवळणी होतात. लहानपणी मी आईला हे करताना पाहत असे. पहाटेचे ताजे शेण ती हातावर तोलून पाहायची, फार ओले असेल तर त्यात थोडी राख मिसळायची, आणि अंगठ्याच्या एका दाबाने मूर्तीचे तोंड करायची. डोळ्यांच्या जागी दोन ज्वारीचे दाणे, डोक्यावर झेंडू, बाजूला आघाड्याची काडी. त्या वेळी ती मंत्र म्हणत नसे. पुढे वेदपाठशाळेत ‘करीषिणीम्’ या शब्दाशी आलो तेव्हा मला तिचा तो अंगठा दिसला पाहिजे होता. तो दिसायला आणखी वीस वर्षे गेली.

फ्लॅटमध्ये ती करायलाच हवी अशी सक्ती कोणी करू शकत नाही. पण विचारताच आहात तर माझा सल्ला करावी असाच आहे, आणि त्याला अडचण काहीच नाही. मुठीएवढे शेण पुरते. ते विकतच्या गोवऱ्यांचे नको, ताजे हवे, आणि बेळगावच्या कुठल्याही उपनगरात एखादा गोठा अजून सापडतो. पितळी ताटात किंवा पाटावर केळीचे पान घालून त्यावर मूर्ती करावी. नैवेद्याला घरात जे गोड झाले असेल ते चालते. येत असेल तर नववी ऋचा म्हणावी, नसेल तर हळदकुंकू लावून नमस्कार पुरे. पहिल्या वर्षी सासूबाईंना बोलावून घ्या आणि तोंड त्यांच्याच हाताने करवून घ्या, कारण तो अंगठ्याचा दाब लिहून सांगता येत नाही. दोनतीन दिवसांनी मूर्ती वाळली की कुस्करून तुळशीच्या कुंडीत घालावी आणि वर तांब्याभर पाणी घालावे.